उष्टा घोट

वाईत हल्ली घरोघरी दोन विरजणं असत, एक दह्याचं आणि एक बिअरचं. दह्याच्या विरजणाला कोणी उष्टा चमचा लावला तर अजूनही बोलणी बसत. बिअरच्या बरणीला मात्र उष्टंच लागे. ग्लासातला शेवटचा घोट प्यायचा नाही, बरणीत ओतायचा, ही रीत एव्हाना पोराटोरांनाही पाठ झाली होती. सुरुवातीला जुन्या बायकांनी नाकं मुरडली, पण पहिली बाटली उघडल्यावर त्यांचं सोवळं फार दिवस टिकलं नाही.

बिअर करायची कृती तशी जुनीच होती. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भरडा मुरवला की धान्यातल्या पिठाची साखर होते. मग गाळलेला गोड काढा हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचा, झटपट गार करायचा, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत भरून विरजायचा. इथून पुढचं काम किण्वाचं, म्हणजे यीस्टचं. ते साखर खातं, मद्य आणि वायू सोडतं, आणि जाता जाता पिकल्या केळ्याचे, लवंगेचे, पेरूचे वास मागे ठेवून जातं. त्या वासांवरच बिअरची खरी चव ठरते.

शास्त्रज्ञांनी बदल केला तो एवढाच. घोट आवडला की नावडला याच्या खुणा माणसाच्या लाळेत लगेच उतरतात, आणि नव्या जातीच्या किण्वपेशींना त्या खुणा वाचता येत. आवडलेला वास त्या पुढच्या खेपेला वाढवत, नावडलेला कमी करत. बरणीच्या तळाशी बसलेला साका पुढच्या खेपेचं विरजण होई, आणि अशा दहा-बारा खेपांत बरणी आपल्या माणसाला ओळखू लागे. या किण्वाला नाव पडलं सवयकिण्व. त्याची एकच अट होती. उष्टं मिळेनासं झालं की ते हळूहळू सगळं विसरून जाई.

कौमुदी गुप्ते डॉक्टर रुजुता तांबट यांच्या प्रयोगशाळेत आली ती याच भीतीने. ती शाळेतून निवृत्त झालेली चित्रकलेची शिक्षिका, आणि डॉक्टर रुजुता या सवयकिण्वाच्या अभ्यासक. कौमुदीने पिशवीतून बरणी काढली ती ओल्या पंच्यात गुंडाळलेली होती. उन्हाळ्यात बरणी अशी ओल्या पंच्यात ठेवली तर आंबण्याचा जोर आटोक्यात राहतो, हे तिला निहारने शिकवलं होतं. निहार म्हणजे तिचा नवरा. पाटबंधारे खात्यात त्याचा जन्म गेला, पण जीव या बरणीत होता. सातू भिजवण्यापासून बाटल्यांत चिमूटभर साखर घालून बुचं ठोकण्यापर्यंत सगळं तोच करायचा, कौमुदी फक्त प्यायला बसायची. मागच्या पावसाळ्यात तो गेला.

त्यानंतर तिने दोन खेपा केल्या, पण उष्टा घोट काही घातला नाही. आपला घोट घातला तर बरणी आपल्याला शिकेल आणि त्याला पुसून टाकेल, हे तिला ठाऊक होतं. न घालावा तर बरणी त्याला आपोआप विसरणार होती. दुसऱ्या खेपेची चव आधीच जराशी फिकी लागली होती. माणूस गेला होता, निदान त्याची आवड तरी तिला हातातून जाऊ द्यायची नव्हती.

डॉक्टरांनी नमुन्याचा एक घोट घेऊन तोंडात घोळवला. पिकलं केळं, मागून लवंग, कडवटपणा अगदी बेताचा, असं त्या म्हणाल्या.

"हाच निहार," कौमुदी म्हणाली. "मला खरं तर बिअर आवडायचीच नाही गं. त्याच्या आवडीची पिता पिता मलाही आवडायला लागली."

यावर उपाय आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका बरणीत दोघांचं उष्टं पडत असेल तर पेशींत दोघांच्याही खुणा असतात. कौमुदीच्या लाळेचा नमुना घेऊन तिच्या खुणा वजा करायच्या, म्हणजे उरेल तो निहार. तेवढ्याच पेशी वेगळ्या वाढवून गोठवून ठेवता येतील. मग हवी तेव्हा निहारची बिअर करता येईल, आणि त्याला कोणी पुसून टाकायची भीती राहणार नाही. कौमुदीने ताबडतोब नमुना दिला. घरी परतताना तिला कितीतरी महिन्यांनी बाजारातून भाजी घ्यावीशी वाटली.

निकाल फोनवर सांगण्याऐवजी डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. चहा मागवला, तो गार झाला तरी त्या मुद्द्यावर येईनात. शेवटी कौमुदीनेच विचारलं.

"काकू," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला वजा केलं की मागे काहीच उरत नाही."

कौमुदीला वाटलं, यंत्र चुकलं असेल. पुन्हा करून बघ, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी ते आधीच केलं होतं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, की घरात ग्लास कोण उचलायचं? आणि काकांच्या ग्लासात शेवटी किती उरायचं?

काहीच उरायचं नाही. हे उत्तर कौमुदीच्या तोंडातून सहज बाहेर पडलं. निहारच्या आईने मुलांना ताटात शीतही टाकू दिलं नव्हतं. तो ताट बोटाने पुसून घ्यायचा, औषधाच्या टोपणात पाणी घालून तेही प्यायचा. बिअरचा ग्लास तर कोरडा ठणठणीत करायचा. बरणीसाठी एक घोट ठेवायचा असतो हे इतरांना बजावून सांगणारा हा माणूस, पण त्याच्या हातून स्वतःच्या ग्लासात घोट राहायचाच नाही. आणि कौमुदी जन्माची टाकणारी. कपात चहा, वाटीत आमटी, ग्लासात बिअर, काही ना काही तिच्याकडून राहायचंच. तिचा ग्लास उचलून स्वयंपाकघरात जाताना तो म्हणायचा, "तू टाकतेस म्हणून आपली बरणी चालते." ती ते टोमण्यात जमा करायची.

"म्हणजे इतकी वर्षं मी..." कौमुदी म्हणू लागली.

"तुमच्याच आवडीची बिअर पीत होतात. आणि काकाही तुमच्याच आवडीची पीत होते."

"त्याला कळलं नसेल?"

"पहिल्या काही खेपांतच कळलं असणार, काकू. चव बदलत गेलेली कळतेच. पण तुम्ही आवडीने पिताय हेही त्यांना दिसत असेल."

कौमुदीला आधी भरून आलं. आपल्यासाठी कोणी इतकं केलं आणि जाताजाताही सांगितलं नाही, या विचाराने तिचे डोळे वाहू लागले. पण पदर डोळ्यांना लावता लावताच तिला त्याचा रागही आला. मी तुझी आवड जिवापाड जपत बसले, आणि तू तिचा एक थेंबही मागे ठेवला नाहीस, असं तिला त्याला समोर बसवून विचारायचं होतं.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि आपणहून एक गोष्ट सांगितली. सवयकिण्व बाजारात आणताना शास्त्रज्ञांना वाटलं होतं, की एका घरातल्या दोघांची मिळून एक मधली चव तयार होईल. प्रत्यक्षात नवरा-बायकोच्या ज्या ज्या बरण्या त्यांनी तपासल्या, त्यातल्या बहुतेक एकाच माणसाला ओळखत होत्या. दुसऱ्याचा घोट कधी भिडेपोटी, कधी प्रेमापोटी, तर कधी नुसत्या आळसाने द्यायचा राहून गेलेला. आवड नोंदवणारं किण्व त्यांनी बनवलं खरं, पण न नोंदवलेली आवड कायमची नाहीशी होते, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कौमुदीने विचारलं, "तुझ्या घरच्या बरणीत कोण आहे गं?"

डॉक्टर उठल्या. त्यांनी कपाटातून एक छोटी कुपी काढून तिच्या हातात ठेवली. त्यात कोरं किण्व होतं, अजून कोणालाच न ओळखणारं. लागलं तर असू द्या, एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी कौमुदीने एकटीने सातू भरडला. या खेपेला कोऱ्या किण्वाने निहारची बिअर करायची, त्याला जशी आवडली असती तशी, असं तिने मनाशी ठरवलं होतं. भरडा मुरवला, काढा गाळला, पातेलं गॅसवर चढवलं. उकळी फुटली आणि तिने हॉप्सच्या फुलांचा डबा उघडला. मूठभर टाकली तर कडू होते, चिमूटभर टाकली तर गोडसर राहते. त्याला कडू आवडायची की गोडसर? तिने आठवून पाहिलं. त्याचा चेहरा आठवला, ग्लास धरलेला हात आठवला, मिटक्या मारणंही आठवलं, पण त्या मिटक्या तिला बरं वाटावं म्हणून होत्या की खऱ्या, हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला हे विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, रोज तर दिसत होतं.

तिने कौस्तुभला, धाकट्या दिराला, फोन लावला. लहानपणापासून एका ताटात जेवलेला भाऊ, त्याला माहीत असणार.

"कौस्तुभ, दादाला कशी चव आवडायची रे? कडू की गोड? खरं सांग."

पलीकडे कौस्तुभ हसला, आणि त्याचा आवाज भावाच्या मायेने भिजला.

"दादाला? वहिनी, दादाला सगळंच चालायचं."

तिने फोन ठेवला. फुलांची मूठ पातेल्यावर धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. टाकावी की परत डब्यात ठेवावी, तिला ठरवता येईना, आणि काढा आटत गेला.