खांद्याएवढी सावली

कॉलेजात त्यांना सगळे वायरमामा म्हणत. काम बिनतारी नेटवर्कचं आणि नाव वायरमामा! पण एकदा चिकटलं ते चिकटलं. कुणाचा फोन अडला, कुणाचा लॅपटॉप रुसला, की मामांना हाक. मामा यायचे, फोन छातीशी धरून खोलीभर फिरायचे, आणि "माणसं थापा मारतात, यंत्रं नाही मारत," असं पुटपुटत दोष हुडकून काढायचे.

हल्ली ते सुट्टीच्या दिवशीही यायचे. घर खायला उठायचं. लेक डोंगरात भटकायला गेली होती, ती परतलीच नाही. शोधणारे थकून खाली आले, पण हाती काही लागलं नाही. नातेवाईक दबक्या आवाजात म्हणत, "आता मनाची तयारी करा." त्यावर मामी ताडकन उठून आत जायच्या. ती आहे की नाही, एवढं एकच कुणीतरी खात्रीनं सांगावं, म्हणून दोघं झुरत होती.

अशात या विचित्र तक्रारी आल्या. वाचनालयात सगळ्यांचे फोन मजेत चालत, ग्रंथपाल बाईंचा तेवढा मरगळलेला. प्रयोगशाळेत रसायनाच्या सरांचाच टॅब अडे. मामांनी छतावरचे वायफायचे बॉक्स बदलले, सेटिंग पुसून नव्यानं केलं. बाईंनी तर नवाकोरा फोन आणला. पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी वाचनालय रिकामं होतं. मामांनी बाईंना फोन हातात धरूनच उभं केलं. छातीशी सिग्नलची एक रेघ. "हात वर करा बरं." बाईंनी हात डोक्याच्या खूप वर नेला, तर सगळ्या रेघा भरल्या. खाली आणला, पुन्हा एक.

हे दुखणं मामांच्या ओळखीचं होतं. माणूस म्हणजे पाण्याचं पिंप. बॉक्स आणि फोनच्या मधे उभा राहिला की सिग्नल पितो. भरलेल्या वर्गात हे नेहमीचंच. इथे मात्र मधे नुसती फरशी होती.

"तुमच्यासमोर कुणी ताडमाड माणूस उभा असावा, असं दाखवतंय," मामा हसत म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "आमचे हे होते तसे उंच. गेल्या वर्षी गेले."

"छे हो! भलतंच काय!" मामा म्हणाले.

ते तडक प्रयोगशाळेत गेले. सरांचा टॅब छातीशी उत्तम चालत होता. स्टुलावर बसून मांडीवर घेतला की मान टाकत होता.

"सर, घरी सगळं ठीक ना?"

"आई गेली हो, सुट्टीत. शेवटी पार वाकली होती. माझ्या कमरेला लागायची."

संध्याकाळी बाईंनी मामांना जिन्यात गाठलं. "मामा, माझा फोन आहे तसाच राहू द्या. दुरुस्त नका करू."

त्या गेल्यावर मामांनी स्वतःचा फोन काढला. लेक त्यांच्या खांद्याला लागायची. "बुटके" म्हटलं की टाचा उंचावून भांडायची. त्यांनी फोन छातीशी धरला. सगळ्या रेघा. कमरेशी, गुडघ्याशी, सगळीकडे सगळ्या रेघा. मामा पायरीवर बसून पोरासारखे रडले.

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "अगं, आहे ती! कुठंतरी आहे!"

"कशावरून?"

"नेटवर्कवरून."

"तुम्हाला वेड लागलंय," मामी म्हणाल्या, आणि किती दिवसांनी हसल्या. त्या दिवसापासून मामा उठल्याबरोबर आधी फोनच्या रेघा बघायचे आणि मग तोंड धुवायचे. मामींनी लेकीच्या खोलीतल्या चादरी बदलल्या.

मग एका संध्याकाळी मामी ओट्याशी उभ्या राहून हाका मारायला लागल्या. "अहो, हे बघा ना. आत्तापर्यंत बरा चालला होता."

घरातला वायफायचा बॉक्स समोरच, स्वयंपाकघराच्या दारावर होता. मामांनी त्यांच्या हातातला फोन घेतला. एक रेघ.

खिशातला स्वतःचा काढला. एक रेघ.

त्यांनी हात हळूहळू वर नेला. छाती. गळा. खांदा ओलांडला, आणि सगळ्या रेघा भरल्या.

खाली आणला. एक.

"काय झालंय हो त्याला?" मामींनी विचारलं.

"काही नाही गं." मामांना स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "जरा वर धर. चालेल."

मामींनी फोन वरच्या फळीवर ठेवला आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली. "ती आली की नवा मागून घेणार आहे मी तिच्याकडून," त्या म्हणाल्या.

"हो," मामा म्हणाले. आणि बाहेर जाताना ते दारात अंग चोरून, एका बाजूनं गेले.