थांबवून ठेवलेला अर्ज

आम्ही ठिकठिकाणचे काही हौशी लोक मिळून एक सॉफ्टवेअर बनवतो आणि फुकट वाटतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, दुसरं काय! बोलणं सगळं मेलिंग लिस्टवर. एकाने लिहिलं की यादीतल्या सगळ्यांना पोचतं. या याद्या मारुतीच्या शेपटासारख्या वाढल्या होत्या. त्या एकत्र करायचं आणि बंद पडलेले पत्ते गाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधी ते माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं होतं. तो आजारात गेला आणि माझ्याकडे आलं. त्याचं नाव तेवढं मी गाळलं नाही. ठेवलं तर कुणाचं काय जात होतं?

आमची एक रीत आहे. कुणी यादीतून नाव काढायचा अर्ज केला, तर तो आधी माझ्याकडे थांबतो. मी विचारते, ‘रागावून तर जात नाही ना?’ एका भांडणात चांगली माणसं तडकाफडकी निघून गेली होती, तेव्हा दादानेच ही रीत पाडली.

एका दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तर एक अर्ज थांबलेला. दादाच्या पत्त्यावरून. कारणापुढे एकच शब्द: दमलोय.

तो पत्ता मी स्वतः बंद केला होता. कुणाची तरी घाणेरडी थट्टा असणार, म्हणून मी सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला. त्याला आम्ही सगळे वायरमन म्हणतो.

"नोंदी बघितल्या, ताई," तो म्हणाला. "बाहेरून काही आलेलंच नाहीये."

"मग?"

"आतूनच आलंय. काढून टाका ना नाव."

मी अर्ज नामंजूर केला. वर वेड्यासारखं रीतीप्रमाणे विचारलंही, ‘रागावलास का रे?’ पत्र लगेच परत आलं. असा पत्ताच नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज. मग रोजच. मला राग यायचा, रडू यायचं. आजारपणात रात्रीच्या रात्री त्याने तळमळत काढल्या, पण कधी दमलोय म्हणाला नाही. आता म्हणत होता, तर मीच त्याला सोडत नव्हते. यादीतली ती एक ओळ, तेवढाच तर तो उरला होता.

परवा कारणाच्या रकान्यात वेगळंच होतं: सोड ना गं, चिमे.

मला चिमे म्हणणारा तो एकटाच.

मी ‘मंजूर’वर बोट ठेवलं. समोरचं नीट दिसत नव्हतं.

दाबलं.

ओळ गेली.

मला हुंदका आवरेना. मोठ्याने तोंडातून निघालं, "गेला."

आई दादाच्या खोलीतून बाहेर आली. दार तिने आवाज न करता ओढून घेतलं.

"हळू गं," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."