बोक्याचं औषध सेव्ह होईना

"तुमचं सॉफ्टवेअर एकदा तुम्हीच वापरून बघा!"

पहिल्याच भेटीत हे असं! जनावरांचा डॉक्टर, हातात त्याचाच फिस्कारणारा बोका, आणि दोघांचाही राग माझ्यावर. कारण त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं ना.

"याला औषध टोचलं, नोंद केली, 'सेव्ह झालं' असं दिसलंही... आणि पुन्हा उघडावं तर नोंद गायब! उद्या कोणी तेच औषध परत टोचलं तर?"

चूक माझीच होती. आणि त्याचे डोळे... फार छान होते. काय करणार!

मग मी रोज जाऊ लागले. "कॉम्प्युटर बघायला जातेस ना? मग हे नवे कानातले कशाला?" आई विचारायची. तिकडे काउंटरवर बसणारी त्याची धाकटी बहीणही काही कमी नव्हती. "हल्ली दादा रोज दाढी करतो हं," असं ती मला ऐकू जाईल अशा बेताने समोरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला सांगायची.

शेवटी एकदा त्याच्या शेजारीच बसले. त्याने बोक्याचं वजन बदललं — राहिलं. औषध टाकलं — गेलं.

"थांबा... पुन्हा करा," मी ओरडलेच. "कळलं! औषधांची यादी म्हणजे नोंदीतला एक डबा. अख्खा डबाच बदलला का, एवढंच प्रोग्राम बघतो. आपण त्याच डब्यात नवं औषध टाकलं, की त्याला वाटतं काही झालंच नाही. मग तो लिहीतच नाही."

"आणि वर 'सेव्ह झालं' म्हणतो? लबाड!"

"लबाड नाही हो, भोळा आहे. आत काही बदललंय, हे त्याला सांगावं लागतं."

एक ओळ लिहिली. औषध टाकलं, बंद केलं, उघडलं... नोंद जागच्या जागी! तो लहान मुलासारखा हसला. मीही हसले, आणि लगेच लक्षात आलं. इथं यायचं निमित्तच संपलं की! दुरुस्ती एक दिवस लांबवता आली असती... छे, मुक्या जिवाशी कसला खेळ.

बॅग उचलली. बोक्याला खांद्यावर टाकून तो दारापर्यंत आला.

"म्हणजे... उद्या काही बिघडणार नाही?"

"नाही."

"परवा?"

"मी चांगलं काम करते हो, डॉक्टर."

"हीच तर पंचाईत आहे," तो पुटपुटला, आणि बोक्याचे कान कुरवाळत राहिला.

हा माणूस काही बोलायचा नाही, आणि मी गेले की गेलेच.

"बिघाड नसला तरी मी येईन," मी म्हटलं. "तुम्ही मला आवडता. झालं... सांगून टाकलं!"

तो कानापर्यंत लाल झाला. "मी तर... पहिल्याच दिवशी... म्हणजे तुमच्यावर ओरडलो ना, त्याच्या पुढच्याच क्षणाला..."

"दादा, पेशंट थांबलेत!" बहिणीने हाक मारली.

"थांबू देत!" पहिल्या दिवशी माझ्यावर ओरडला होता तेवढ्याच जोरात तो ओरडला, आणि बोका अलगद माझ्या हातात दिला.

"याला जरा धरा. आणि... जाऊ नका."