उलटा जोडलेला कान

एका हेडफोनचे दोन कान दोघांत वाटून घ्यायचे म्हटलं, की दोन डोकी फार जवळ आणावी लागतात. अनुपमा प्रधान आणि जयवंत घाडी यांची ओळख झाली ती अशी.

गणपती नुकतेच पोचवून झाले होते. रविवारची दुपार. मुलुंडच्या ज्या शाळेत अनुपमा विज्ञान शिकवायची, तिथल्या प्रयोगशाळेत तपासायच्या वह्या राहिल्या होत्या. त्या न्यायला ती आली आणि दार ढकलून पाहते तो काय – टेबलावर ग्रामोफोन, तारांचं जंजाळ, आणि बाकांवर पंधरा-सोळा पुरुष कानांना काळ्या डब्या लावून, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखे बसलेले!

"या, या बाई!" धोतर-कोटातले एक म्हातारे गृहस्थ उठले. हे श्यामकाका, तारखात्यातून निवृत्त झालेले. "हे आमचं श्रवण मंडळ. दर महिन्याचा दुसरा रविवार. हेडमास्तरांची परवानगी आहे बरं का."

"मी फक्त वह्या–"

"वह्या कुठे पळून जातायत? ऐका तर खरं! अरे, बाईंना हेडफोन द्या रे कुणी."

हेडफोन एकही उरला नव्हता. मागच्या बाकावरचा एक उंच, सावळा तरुण जरा सरकला. आपल्या हेडफोनचा एक कान त्यानं बाहेरच्या बाजूला वळवला.

"एक तुमचा, एक माझा. चालेल?"

"चालेल," अनुपमा म्हणाली आणि बसली.

तबकडी तीन मिनिटांची होती. तेवढ्या वेळात अनुपमानं त्याच्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग टिपला, सदऱ्याचं एक वेगळ्या रंगाचं बटण टिपलं, आणि तो श्वास रोखून ऐकतो हेही टिपलं. गाणं कुठलं होतं, ते मात्र घरी गेल्यावर काही केल्या आठवेना.

"कसा वाटला?" त्यानं विचारलं.

"वरचे स्वर जरा टोचतात."

तो मोठ्यानं हसला. "पहिल्याच दिवशी खोड काढलीत? मीच बनवलाय तो."

"मग तुम्हाला आधीच कळायला हवं होतं."

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी अनुपमा पुन्हा आली. या खेपेला कुठल्याही वह्या राहिल्या नव्हत्या.

जयवंत घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. राहायचा भांडुपच्या चाळीत. वडिलांची उभी हयात परळच्या गिरणीत गेली होती. युद्धातून उरलेले लष्करी हेडफोन तो चोरबाजारातून उचलून आणायचा, खोलायचा, आणि केसाहून बारीक तार हातानं गुंडाळून आतली वेटोळी नव्यानं बनवायचा. अनुपमा ऐकायची आणि नेमका दोष सांगायची. तो आधी भांडायचा, मग घरी जाऊन तेवढंच दुरुस्त करून आणायचा. दिवाळी झाली, नाताळ आला, आणि टोचणारे स्वर लोण्यासारखे मऊ झाले.

"बाईनु, तुमी दोष काढूचे थांबू नकात," जयवंतचा मामेभाऊ लवू, त्याच्यासोबत नेमानं येणारा, एकदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "दोष संपले तर ह्यो काय घेऊन येतलो तुमच्याकडे?"

"लव्या, गप ऱ्हव!" जयवंतचे कान लाल झाले.

जानेवारीतल्या बैठकीनंतर तो तिच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत आला.

"विक्रोळीला रेडिओचा नवा कारखाना निघालाय," तो म्हणाला. "चंद्रप्रकाश म्हणून साहेब आहेत. श्यामकाकांनी त्यांना पुढच्या बैठकीला बोलावलंय. चाचणी विभागात एक जागा आहे… त्यांना माणूस हवाय."

"मग तुम्ही आहातच की."

"ती जागा मिळाली, तर–" तो थांबला. फाटकाची कडी उगाच वर-खाली करू लागला. "तर तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर नाही विचारायची. दुसऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसून असल्या गोष्टी विचारत नाहीत."

असल्या गोष्टी म्हणजे कसल्या, हे अनुपमानं विचारलं नाही. तिला प्रश्न कळला होता, आणि उत्तरही ठरलेलं होतं. मध्ये फक्त विक्रोळीचा कारखाना उभा होता.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार उजाडला. आज परीक्षा होती. मंडळाची रीत अशी, की ज्यांनी हेडफोन बनवले त्यांची नावं झाकून ठेवायची. सगळ्यांनी एकच तबकडी पाळीपाळीनं प्रत्येक हेडफोनमधून ऐकायची, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि मत चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. चहा झाला की श्यामकाका चिठ्ठ्या मोठ्यानं वाचणार. आज तोवर साहेबही येणार होते आणि त्यांच्यासमोर हे सगळं होणार होतं.

हेडफोन तीन होते. पहिल्या दोहोंत सांगण्यासारखं काही नव्हतं. तिसरा हातात येताच अनुपमानं तो ओळखला. या वेटोळ्यांचे फेरे तिनं स्वतः मोजून दिले होते. तिनं तो कानांवर चढवला, डोळे मिटले…

आणि लगेच उघडले.

आवाज स्वच्छ होता, गोड होता. पण गाणारी बाई जागेवर नव्हती. एरवी ती कशी कपाळाच्या मधोमध येऊन उभी राहायची! आज ती कुठेच नव्हती, आणि सगळीकडे होती. आवाज डोक्याभोवती धुरासारखा पसरला होता आणि हाती म्हणून लागत नव्हता. अनुपमानं डावा कान झाकला. ठीक. उजवा झाकला. तोही ठीक. दोन्ही एकदम उघडले, की बाई गायब.

म्हणजे एका कानाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. एका डबीतला आवाज काढणारा पातळ पत्रा आत ओढला जात होता, त्याच क्षणी दुसरीतला बाहेर ढकलला जात होता.

तिनं आजूबाजूला पाहिलं. ज्यांनी तो हेडफोन ऐकला, ते सगळे माना डोलवत भराभर लिहीत होते. शेजारच्या बाकावरची चिठ्ठी तिला नको असताना दिसली. 'देवळाच्या गाभाऱ्यात बसल्याचा भास! धन्य तो कारागीर!'

आता काय करावं? खरं लिहिलं, तर ते साहेबांसमोर वाचलं जाणार. नाही लिहिलं, तर साहेबांचे कान काय झोपलेत? हा माणूस रेडिओच्या कारखान्यात चाचणी घेतो. पहिल्याच ओळीला त्याला कळणार. अनुपमानं चिठ्ठी कोरीच घडी करून डब्यात टाकली. चहाचे कप वाजायला लागताच ती जयवंतला व्हरांड्यात घेऊन गेली.

"एक कान उलटा जोडलाय."

"काय?"

"डावा असेल किंवा उजवा. दोन्ही मिळून ऐकलंत का तुम्ही?"

"अहो, सकाळी डाव्याची तार सैल वाटली म्हणून पुन्हा बसवली. मग नीट ऐकून बघितलं ना! झकास वाजतोय." तो हसला, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. "आत बघा तरी, लोक किती खूश आहेत."

"ऐकलंत ते एका कानानं की दोन्ही?"

दुकानात दिवसभर एक कान रेडिओला आणि दुसरा मालकाच्या हाकेला, अशी त्याची पाच वर्षांची सवय. घरी ऐकायचं तर अर्धा हेडफोन लवूच्या कानाला. दोन्ही कान एकदम लावून तो क्वचितच ऐकायचा.

"चौदा जणांनी ऐकलं," तो हळूच म्हणाला, आणि मग आवाज चढला. "चौदा! एकालाही काही कळलं नाही, आणि तू एकटी–"

'तू.' पाच महिन्यांत पहिल्यांदाच. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"हो, मी एकटी," अनुपमा म्हणाली. "मतं मोजून पत्रा हलत नसतो."

"आज माझी नोकरी ठरायची आहे, अनुपमा. आज! साहेब पंधरा मिनिटांत येतील. आता खोलला आणि तार तुटली तर? केसाएवढी असते ती."

"म्हणून तर आता सांगतेय. घे, लाव. दोन्ही कान लाव, आणि ती बाई कुठे उभी आहे ते मला सांग."

तिच्या आवाजात एवढी खात्री होती, की तो मुकाट्यानं आत गेला. तबकडी लावली. डोळे मिटले. अनुपमा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आधी हट्ट होता, मग कपाळावर बारीक आठी आली, आणि मग… शाळेतल्या मुलाला आपलीच चूक सापडावी तसा तो चेहरा झाला.

"वाट लागली," जयवंत म्हणाला.

"अजून नाही लागली. दोन स्क्रू आहेत. मी डबी धरते."

खिडकीत उजेड चांगला होता. तिनं डबी दोन बोटांत घट्ट धरली. तो स्क्रू सैल करायला लागला, आणि पेचकस दोनदा खाचेतून निसटला.

"फेरे मी मोजले होते," ती सहज म्हणाली. "एकही चुकलेला नाही. घाबरायचं कारण नाही."

पुढच्या खेपेला पेचकस खाचेत नीट बसला. दोन तारांनी जागा बदलल्या, स्क्रू पुन्हा बसले, आणि फाटकाशी मोटार थांबल्याचा आवाज आला.

चंद्रप्रकाश साहेब उत्तरेकडचे होते, पण मुंबईत इतकी वर्षं काढलेले, की मराठी बेधडक बोलायचे. श्यामकाकांनी चिठ्ठ्या वाचल्या. तिसऱ्या हेडफोनवर नुसता फुलांचा पाऊस! गाभारा, गुहा, चौफेर सूर, स्वर्ग. "आणि ही एक कोरी," श्यामकाका चष्म्यावरून बघत म्हणाले. "कोण हे मौनीबाबा?"

साहेबांनी तीनही हेडफोन ऐकले. तिसरा दोनदा ऐकला. मग तो काढून हातात फिरवला.

"माल फर्स्ट क्लास आहे," ते म्हणाले. "पण भाई, इथे तर गाभारा लिहिलाय. मला गाभारा कुठे ऐकू येत नाही. गेला कुठे?"

गप्प बसणं सोपं होतं. प्रत्येकाचे कान वेगळे, असं म्हणून हसलं असतं तरी चाललं असतं. अनुपमानं श्वास रोखला.

जयवंत उभा राहिला. "हेडफोन माझा आहे, साहेब. सगळ्यांनी ऐकला तेव्हा एक कान उलटा जोडलेला होता. मला कळलं नाही. या बाईंना कळलं. चहाच्या वेळात तो मी सरळ केला."

"अरे देवा!" गाभारावाले गृहस्थ कळवळले. "म्हणजे मी चुकीला धन्य म्हटलं की काय?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी अनुपमाकडे नीट पाहिलं.

"काय शिकलात?"

"बीएस्सी. भौतिकशास्त्र."

"चाचणीला कान लागतात, आणि तुमच्याकडे ते आहेत. येणार विक्रोळीला?" मग ते जयवंतकडे वळले. "तुमचे हात सोन्याचे आहेत, आणि जबान साफ आहे. कान अजून कच्चे. सहा महिन्यांनी भेटा, आपण बघू."

अनुपमानं जयवंतकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित 'नाही' म्हणाली असती, आणि ते त्यानंही तिला कधी माफ केलं नसतं.

"येईन," ती म्हणाली. "महिनाअखेर शाळेला कळवून."

बैठक मोडली. लवू सायकल घेऊन पुढे निघून गेला. इतका शहाणपणा त्यानं पूर्वी कधी दाखवला नव्हता. रस्त्याकडेच्या बंगल्यांतून माळ्यांनी झाडांना पाणी घातलं होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता. दोघं मागून चालत निघाली.

"राग आला?" अनुपमानं विचारलं.

"आला होता. त्या कोपऱ्यापर्यंत पुरला." तो कसनुसं हसला. "तुला नाही घेणार तर कुणाला घेतील? मी साहेब असतो तर मीही तुलाच घेतलं असतं. पण… ते विचारायचं होतं ना, ते आता सहा महिने लांबलं."

"का?"

"का म्हणजे? मी अजून स्टुलावरच आहे."

"मी स्टूल बघून मागच्या बाकावर बसले नव्हते." ती थांबली. संध्याकाळच्या उजेडात तिचा चेहरा अगदी शांत होता. "हे बघ जयवंत, माझं उत्तर 'हो' आहे. प्रश्न तू सवडीनं विचार."

तो जागच्या जागी खिळला.

"आणि… प्रश्न भलताच असला तर?"

"तर मला माणूस ओळखता आला नाही, असं म्हणेन. पण तसं नाहीये."

"तुझे बाबा? आमची चाळ, आमचं बोलणं, आई अजून शहरातलं मराठी नीट बोलत नाही…"

"बाबांशी मी बोलेन. आधी चिडतील, मग कारणं विचारतील. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत." ती हसली. "आईंना म्हणावं, मला मालवणी शिकवा. तोवर मी खुणांनी बोलेन."

पलीकडून एक बाई भाजीची पिशवी घेऊन आली आणि भर रस्त्यात थांबलेल्या या दोघांकडे वळून वळून बघत गेली. जयवंतचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यानं सदरा नीट केला. घसा खाकरला. महिनाभर त्यानं म्हणे शुद्ध पुस्तकी वाक्य पाठ केलं होतं, 'जीवनसंगिनी' वगैरे शब्दांचं. त्यातला एक शब्द आता सापडेल तर शपथ.

"अनुपमा…" तो म्हणाला, आणि पुढचं घरच्या बोलीतच बाहेर पडलं. "लगीन करशीत माझ्यावांगडा?"

उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं, ते किती बरं झालं! कारण पाच महिने ज्या मुलीनं कुठल्याही दोषावर नेमकं बोट ठेवलं होतं, तिला आता 'हो' एवढंसुद्धा म्हणता येईना. ती नुसती त्याच्या सदऱ्याच्या त्या वेगळ्या बटणाकडे बघत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही विसरून गेली.