न वाजवलेल्या गिटारीची झीज

देवळाली प्रवरेच्या बाजारतळाला लागून माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाहत्तर सालच्या श्रावणात, आभाळ कोरडंठाक असताना, कानिफनाथ सायकलच्या कॅरिअरला एक लांबट खोकं बांधून माझ्याकडे आला.

कानिफनाथ साखर कारखान्यात मिलवर होता. ऊस चिरडून रस काढणारे मोठाले रूळ असतात, तिथे. तिशीचा, काटक, बोलायला मोकळा. लग्नसराईत राहुरीच्या बँडबरोबर मेंडोलिन वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब आला होता. कानिफ त्याच्या हाताखाली होता आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला मेंडोलिन ऐकवायचा. साहेबानं मायदेशी गेल्यावर आठवण ठेवून हे खोकं पाठवलं होतं.

"आण्णा, गिटार हाय म्हनं यात. पन सगळी सुटी सुटी."

खरंच सगळी सुटी होती. कच्च्या लाकडाचं धड वेगळं, लांब गळा वेगळा, खुंट्या, तारा, पितळी स्क्रू, तारांच्या खाली बसवायचा लोहचुंबकाचा पिकअप, वायरचं भेंडोळं आणि एक चित्रांचं पुस्तक. अक्षर एकही कळत नव्हतं, चित्रं मात्र स्वच्छ होती. धातूचे पडदेसुद्धा बसवलेले नव्हते. गळ्यावर नुसत्या खाचा होत्या आणि पडद्यांच्या पट्ट्या एका पाकिटात.

मला असलं काम आवडतं. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ते घेऊन बसायचो. एकवीस पडदे लाकडी हातोडीनं मीच ठोकले, मीच कानशीनं घासून सारखे केले. गळ्याला आणि धडाला लाखेच्या पॉलिशचे सात हात दिले. पिकअपच्या वायरी डाख देऊन जोडल्या. मोठ्या रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायची जागा असते, तिथे गिटारीची वायर दिली. दसऱ्याच्या दिवशी सकाळी कानिफनं पहिल्यांदा तार छेडली आणि बाजारतळावरची माणसं दुकानाच्या पायरीशी गोळा झाली.

तो वाजवत होता मात्र वाईट. मेंडोलिनचा हात, त्याला गिटारीचा लांब गळा पेलेना. बोटं अडखळायची. "बसंल हळूहळू," म्हणायचा. त्याच्या वस्तीवरच्या घरात शेळ्या-कोंबड्यांचा वावर, म्हणून गिटार माझ्याच काचेच्या कपाटात राहिली. किल्ली माझ्या खिशात. तो गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, येऊन तासभर वाजवून जायचा.

दिवाळीनंतर मला पहिल्यांदा जाणवलं की तारा काळ्या पडल्यात. वरून नव्हे, खालच्या अंगानं, बोटांचा घाम लागून पडतात तशा. एवढ्याशा वाजवण्यानं तारा काळ्या पडत नाहीत. तरी म्हटलं, मिलवरचा माणूस, हाताला मळीचा अंश असेल. मी तारा बदलल्या.

तारा काढल्या तेव्हा पडदे दिसले.

त्यांच्यावर तारेखाली खड्डे पडले होते. नखाला लागतील एवढे. मेंडोलिनच्या पडद्यांना असे खड्डे पडायला दहा-दहा वर्षं लागतात. धातू हलका असेल म्हणून पाकिटात उरलेली पट्टी मी कानशीवर घासून पाहिली. चांगली कठीण होती. दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून मी पडद्यांच्या मधलं लाकूड पाहिलं. तिथे लांब, गुळगुळीत ओघळ पडले होते. माझ्या पॉलिशचे सात हात खालपर्यंत उतरले होते.

त्याच आठवड्यात कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालं. कानिफला सुट्टी मिळेना. मी जाड कागदाची पट्टी कापली, तारा आणि पडदे यांच्यामध्ये सरकवली, कडा गळ्याच्या मागे नेऊन डिंकानं चिकटवल्या आणि जोडावर माझी सही केली. कपाटाला कुलूप घातलं.

तीन आठवड्यांनी उघडलं. सही जशीच्या तशी. कागदाला एक सुरकुती नाही. कागद फाडून काढला. खालचे खड्डे आधीपेक्षा खोल होते.

भर दुपार होती. बाहेर रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. मी गिटार उलटी केली. गळ्याच्या मागे, जिथे अंगठा टेकतो तिथे, लाकूड उघडं पडून चकचकीत झालं होतं. मी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. जागा कोमट होती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय?

मार्गशीर्षात राहुरीच्या बँडचे मास्तर शमशेरभाई लाउडस्पीकर दाखवायला आले. चाळीस वर्षं तारेची वाद्यं हाताळलेला माणूस. गिटार कुणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती मांडीवर घेतली, वाजवली नाही, नुसता गळ्यावरून अंगठा फिरवला.

"जुनी दिसते. बारा-एक वर्षं वाजवलीय."

त्यांनी गळा उजेडाकडे धरला.

"आणि वाजवणारा बिचारा अधू आहे."

"कशावरून?"

"हे बघा ना. जिथं एक बोट उचलून दुसरं ठेवायचं, तिथं हा घसरवत नेतो. म्हणून हे ओघळ. आणि दाबतो तिथं खुणा जोडीनंच. एक इथं, एक इथं. मधे काही नाही." त्यांनी आपला डावा हात गळ्यावर ठेवला आणि मधली दोन बोटं दुमडून घेतली. अंगठ्याजवळचं बोट आणि करंगळी त्या खुणांवर बरोबर बसली. "मधली दोन बोटं नाहीत त्याला. पण शिकलाय. हात फार गोड असणार."

ते गेल्यावर मी गिटार कपाटात ठेवून कुलूप घातलं. कानिफचा डावा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. पाचही बोटं धड. आणि तो हात रोज आठ तास मिलच्या रुळांपाशी.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. पाळी सुटल्यावर कानिफला चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं, शमशेरभाईंचं 'हात फार गोड असणार'सुद्धा. तो आधी हसला. मग त्यानं डावा हात टेबलावर पसरला आणि बघत बसला.

"आण्णा, तुमी देवाधर्माचं मानत न्हाई. तुमीच आसं बोलाया लागले?"

"मी काही मानत नाही. पण ते पडदे मी ठोकलेत. एवढं गाळप संपेपर्यंत मिलवर जाऊ नकोस. माझ्यासाठी."

"मग करू काय?"

"घरी राहा. शेत बघ."

त्यानं ऐकलं. मुकादमाशी भांडून रजेवर गेला. त्याच दिवशी मी गिटारीचे स्क्रू काढले, गळा आणि धड वेगळं केलं, तारा गुंडाळल्या आणि सगळं खोक्यात घालून वर सुतळी आवळली. संक्रांतीपर्यंत मला नीट झोप लागायला लागली. आपण एका माणसाला वाचवलं, असं वाटत होतं.

पौषाच्या अखेरीस एका सकाळी, दहाच्या सुमाराला, मी तिळगूळ घेऊन त्याच्या वस्तीवर निघालो. कॅनॉलला पाणी नव्हतं. त्या वर्षी चारा दुर्मीळ होता. लोक उसाच्या शेंड्यांचं वाढं आणि कडबा बारीक चिरून जनावरांना पुरवून पुरवून घालत होते. मी बांधावर चढलो आणि मला गोठ्यापुढे कानिफ दिसला.

तो कुट्टीच्या मशीनपाशी उभा होता. मोठं लोखंडी चाक, चाकाला दोन पाती. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं चारा तोंडात सरकवायचा. त्याची बायको छबूबाई चाक फिरवत होती. कानिफ वाढं सरकवत होता.

डाव्या हातानं.

मी पळत सुटलो. ढेकळांत पाय अडकत होते. सगळा जीव एकवटून मी ओरडलो,

"कानिफ! हात काढ!"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

चाक फिरलं.

तो ओरडला नाही. छबूबाई ओरडली.

बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकमधून आम्ही त्याला नगरला नेलं. हात मी माझ्या धोतरात गुंडाळून धरला होता. तो सगळी वाट शुद्धीवर होता, गपचूप माझ्या तोंडाकडे बघत होता. मधली दोन बोटं मुळापासून गेली. डॉक्टर म्हणाले, नशीब, पंजा वाचला.

मी दोन महिने दुकानात बसत होतो, पण काम होत नव्हतं. मी त्याला मिलवरून उठवलं नसतं तर? मी हाक मारली नसती तर? कसाही विचार केला तरी फिरून त्या चाकापाशीच यायचो. तिथून पुढे वाट नव्हती.

चैत्रात कानिफ दुकानात आला. हाताची जखम भरली होती.

"आण्णा, गिटार जोडून द्या."

"जाळून टाकू या ती."

"नगं." तो शांतपणे म्हणाला. "आता तिच्यावाचून माझ्याकडं काय हाय?"

त्याला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी गिटार जोडली. तारा लावताना पडद्यांकडे बघायचं टाळलं. गुरुवारी एक जुना रेडिओ आणि गिटार सायकलवर बांधून वस्तीवर नेऊन दिली. वस्तीवर वीज आली होती. कानिफ ओसरीवर बसला, गिटार मांडीवर घेतली, दोन बोटं गळ्यावर टेकवली.

आणि वाजवू लागला.

दसऱ्याला अडखळणारा तो माणूस नव्हताच. बोटं घसरत होती, थांबत होती, थरथरत होती. सूर माणसाच्या गळ्यातून यावेत तसे येत होते. गोठ्यातली जनावरं चारा सोडून स्तब्ध उभी होती. अपघातानंतर त्यानं वाद्याला हात लावला नव्हता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला तिथे बसवेना.

मी उठून उंबऱ्याशी उभ्या असलेल्या छबूबाईजवळ गेलो. तिला एकदा सांगायलाच हवं होतं.

"वहिनी, त्या दिवशी मी हाक मारायला नको होती. त्यानं वर पाहिलं, आणि..."

तिनं मान हलवली. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली,

"तुमच्या हाकंचं काय न्हाई, भाऊ. तुमी वरडले तवा त्यांनी हात भाईर काढला हुता. मी बघितला. तुमच्याकडं बघून ते हासले, आन् मंग दोन बोटं निवडून पुन्यांदा आत घातली."

तिनं पदर सारखा केला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.