तिसरी खेप

गाडी बदलायची की नाही, या एका प्रश्नावर मी सात आठवडे घालवले होते. घरात, ऑफिसात, आंघोळ करताना, दाढी करताना तोच विचार. भिजत घोंगडं पडलं होतं आणि ते भिजवत ठेवणारा मीच होतो, हे कळत असल्यामुळे चिडचिड दुप्पट होत होती.

माझी गाडी लांबलचक, काळसर निळी. सहा वर्षं झाली होती घेऊन. मागची सीट आरामखुर्चीसारखी, काचांना पडदे, दार लावलं की बाहेरचा सगळा आवाज गप्प. तक्रारीला जागा नव्हती. तिच्या बदल्यात घ्यायची म्हणत होतो ती स्पोर्ट्स कार लाल होती, जमिनीलगत बसकी, आणि तिला दोनच सीट होत्या. शोरूमवाले जुनी गाडी ठेवून घ्यायला तयार होते. मी हो म्हणायचा अवकाश होता.

लोकांना मी इंजिनाचं कारण सांगायचो. या वयात जरा मजा करावी, असंही हसत म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. माझी बायको मागे बसायची.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांना धरायला म्हणून ती मागे बसू लागली. सासूबाई बऱ्या झाल्या, आपल्या घरी गेल्या. ही मागेच राहिली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पेपर तपासायला मागे जागा मिळते म्हणायची. तेव्हापासून मी तिला आरशातच पाहत आलो. एसी कमी कर, इथून डावीकडे घे, एवढंच आमचं बोलणं. एकदा एका पार्किंगवाल्याने काचेवर टकटक करून मला सांगितलं की मॅडमना इथे सोड आणि गाडी तिकडे लाव. ती हसली. मीही हसलो. 

दोन सीटच्या गाडीत मागे बसता येत नाही. माझं सगळं गणित एवढंच होतं. पण मी विषय काढला तेव्हा पेपरवरून डोळे न उचलता ती म्हणाली, "तुला हवी तर घे. मी आपली टॅक्सीने जात जाईन." हे गमतीत होतं की खरं, ते त्याच क्षणी विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. गाडी घेतली आणि ती खरंच टॅक्सीने जायला लागली, तर शेजारची रिकामी सीट बघत मी आयुष्यभर गाडी चालवायची का?

मी लिफ्ट तपासतो. बावीस माणसांची कंपनी आहे माझी. आमच्याकडे नियम आहे तीन खेपांचा. पहिल्या खेपेला फक्त डोळ्यांनी बघायचं, दुसरीला उपकरणं लावायची, तिसरीला सही करायची किंवा नकार द्यायचा. तिसऱ्या खेपेला गेलेल्या माणसाने बघू, कळवतो, असं म्हणून परत यायचं नाही. नियम मीच केलेला. शोरूमच्या माझ्या दोन खेपा झाल्या होत्या. तिसरीसाठी एका शनिवारी निघालो, शोरूमच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, इंडिकेटरही दिला, आणि सरळ पुढे निघून गेलो. स्वतःला शिव्या घालत घरी आलो.

त्यानंतरच्या गुरुवारी आमच्या इमारतीच्या वॉचमनने फाटक उघडता उघडता विचारलं, "साहेब, आज ही काढली? लाल बिघडली का?"

कोणती लाल, असं मी विचारलं. तो हसला. साहेबांनी विनोद केला की हसतात तसा.

म्हातारा आहे, माझं फोनवरचं बोलणं कानावर पडलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. पण सोमवारी ऑफिसात माझा मुख्य मदतनीस बोलला. त्याला आम्ही फिरकी म्हणतो, कारण तो कुणाचीही घेतो. म्हणाला, सर, पुलावरून काय सुसाट गेलात, लिफ्टवाल्याला एवढा वेग शोभत नाही. मी त्याला झाडलं. कामाच्या वेळी थट्टा नको म्हणालो. त्याचा चेहरा पडला. "थट्टा नाही सर. तुम्ही हात केलात मला. बाई पण होत्या."

बाई कुठे होत्या, हे मी विचारलं नाही. दोन सीटच्या गाडीत बाई कुठे असणार?

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. लिफ्ट मधेच थांबली तर तिला कारण असतं आणि ते सापडतं. त्या रंगाच्या गाड्या शहरात आणखीही असतील, आणि टक्कल पडलेली, जाड चष्म्याची माणसं तर ढिगाने आहेत. तरी मी वहीत लिहायला लागलो. कुणी पाहिलं, कुठे, किती वाजता. दहा दिवसांत सात नोंदी झाल्या. सातही वेळा मी कामावर होतो, कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या टपावर, हातात टॉर्च घेऊन. साक्षीला दोन-दोन माणसं.

मग एका इस्पितळातली लिफ्ट. स्ट्रेचरची, रुंद दाराची. दारात कुणी उभं असलं की दार मागे फिरलं पाहिजे, ही तपासणीतली सर्वांत सोपी गोष्ट. मी दारात उभा राहिलो. दार मिटत आलं आणि थांबलं नाही. दोन्ही खांद्यांना घासून मला बाहेर ढकललं त्याने. मी फिरकीला उभं केलं. दार शहाण्यासारखं मागे फिरलं. पुन्हा मी. पुन्हा खांदे. फिरकी म्हणाला, सेन्सर ठीक आहे सर, तुम्ही जरा पुढे उभे राहत असाल. चौथ्यांदाही तसंच झालं. मी रागाने शेऱ्यात 'दार सदोष' लिहिलं. संध्याकाळी त्याने मला न विचारता दुसरा माणूस पाठवून लिफ्ट पास करून घेतली होती. एवढी हिंमत त्याला कधीपासून आली, ते कळेना. आजकाल ऑफिसात मी काही विचारलं की लोक उत्तर द्यायला वेळ लावत होते. एका मुलीने तर मान वर करून खोलीभर पाहिलं आणि पुन्हा आपलं काम सुरू केलं.

बायको त्या संध्याकाळी सातच्या सुमाराला आली. केस विसकटलेले, गाल उन्हाने रापलेले. चप्पल काढताना गुणगुणत होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती अशी गुणगुणायची.

कुठे गेली होतीस, असं मी विचारलं.

"आता तूच विचारतोयस," असं म्हणून हसत ती आत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा तरी आत जाऊन तिला खांद्याला धरून बसवायला हवं होतं. कुणाबरोबर गेली होतीस, सांग. पण सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं, आणि ते मला झेपलं नसतं. उद्या बघू म्हटलं. माझं सगळं आयुष्य या उद्यावर चाललं आहे याची मला अशी चीड आली, की हातातला पेला मी जरा जोरातच ठेवला. आत गुणगुणणं चालूच राहिलं.

शुक्रवारी दुपारी मेव्हणीचा फोन आला. तिला माझा आवाज नीट येत नव्हता, तरी ती आपली बोलत राहिली. "भाऊजी, ताई किती बदललीय हो. काल सिग्नलला दिसलात तुम्ही दोघं. तुमच्या खांद्याला टेकून हसत होती. मी हाकही मारली. बरं केलंत ती मोठी गाडी काढून टाकलीत. त्यात ती मागे एकटी बसलेली बघून आम्हाला कसंसंच व्हायचं."

मला वाटायचं, ते एकट्या मलाच दिसतं.

शनिवारी सकाळी मी निघालो. निळ्या गाडीत एक पाण्याची गार बाटली ठेवली, कोपऱ्यावर इंडिकेटर दिला आणि या वेळी वळलो. गाडी शोरूमच्या समोर लावली. सही करायची, लाल गाडी घ्यायची, थेट कॉलेजच्या दारात न्यायची आणि तिला म्हणायचं, बस. हे मला सात आठवड्यांपूर्वी करता आलं असतं.

काचेचं दार आपोआप उघडतं तिथलं. माझ्यासाठी उघडलं नाही. मागून एक बाई आली, तिच्यासाठी उघडलं, तिच्या पाठोपाठ मी आत शिरलो.

माझ्या आधीच्या दोन खेपांना भेटलेला सेल्समन टेबलाशी होता. मी समोर जाऊन दोनदा बोललो, तेव्हा त्याने मान वर केली आणि डोळे बारीक केले. ऊन डोळ्यांवर आल्यासारखे.

"सर, तुम्ही? गाडी कशी चालतेय?"

ती घ्यायलाच आलोय, मी म्हणालो.

तो गोंधळला. मग त्याने फाईल काढून माझ्याकडे वळवली. तारीख तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारची, मी सरळ पुढे निघून गेलो त्या दिवसाची. खाली माझी सही. सहीखाली एक आडवी रेघ. ती रेघ मी फक्त तिसऱ्या खेपेच्या सहीखाली मारतो. कुणाला दाखवायला नाही, सवय म्हणून. शेजारी अभिप्रायाची जागा होती, तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'समाधानकारक'.

माझी जुनी गाडी मी अजून दिलेली नाही, ती बाहेर उभी आहे, असं मी त्याला सांगितलं. आवाज चढला होता माझा. तो उठून काचेपाशी गेला.

"बाहेर काही नाही, सर. तुमची गाडी मागच्या आवारात आहे. दिलीत तेव्हापासून तिथेच."

मी पाहिलं. मी गाडी लावली होती तिथे रिकामी जागा होती.

आवारात जुन्या गाड्यांची रांग होती. माझी शेवटून दुसरी. टपावर, काचांवर, दारांच्या मुठींवर तीन आठवड्यांची धूळ, आणि त्या धुळीवर एकाही बोटाचा ठसा नाही. नंबर माझा. डाव्या दारावरचा ओरखडा माझा. वळून काही विचारणार, तर सेल्समन परत निघाला होता. मी हाक मारली. तो थांबला नाही.

किल्ली माझ्या खिशात होती. दार उघडलं. मी आत बसलो.

पाण्याची बाटली अजून गार होती.

बायकोला फोन लावला. आठ वेळा वाजला. मग वाऱ्याचा आवाज आला, खूप मोठा, आणि त्यातून तिचा.

"हॅलो? कोण? आवाजच येत नाहीये."

मी बोलतोय, मी म्हणालो. ऐक, मला तुला विचारायचं आहे. तू माझ्या शेजारी बसशील का?

"नंबर तर तुझाच दिसतोय. गंमत आहे," ती म्हणाली. हे तिने मला म्हटलं नव्हतं.

"ठेवून दे," तिच्या शेजारून कुणीतरी म्हणालं.

तपासणीचे शेरे मी रोज फोनमध्ये रेकॉर्ड करतो आणि ऐकतो. तो आवाज मला चांगला ओळखता येतो. फक्त मी असा पटकन कधी बोलत नाही.

ती हसली. फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला नाही. लावावा की नाही, हे ठरवत बसलो.

किती वेळ गेला माहीत नाही. दुपार असेल. कुणीतरी ओल्या फडक्याने काचा पुसल्या. मग सेल्समन आला, त्याच्याबरोबर एक जोडपं. नवरा माझ्याच वयाचा.

"एका हातची आहे, सर. फार जपून वापरलेली," सेल्समन म्हणाला आणि त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. तो नवरा सरळ माझ्या अंगावर बसायलाच निघाला. मी घाईघाईने शेजारच्या सीटवर सरकलो.

त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. त्याला गाडी आवडल्याचं दिसत होतं. बायकोने मागचं दार उघडलं.

"पुढे बस की," तो म्हणाला.

"नको. मागे निवांत वाटतं मला."

त्याने आरसा हलवून तिच्या चेहऱ्यावर आणला. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी सांगितलंही.

त्याने गाडी सुरू केली. लगेच टणटण वाजायला लागलं, थांबेचना. समोरच्या पडद्यावर बघत तो म्हणाला, "शेजारी कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, असं दाखवतंय ही."

"सेन्सर जरा हळवा आहे, सर. करून देतो." सेल्समन वळसा घालून माझ्या बाजूला आला. दार उघडून वाकला, पट्टा ओढून माझ्या छातीवरून घेतला आणि खाली अडकवला.

आवाज थांबला.

पट्ट्याला माझ्या खांद्यापाशी पीळ पडला होता. तो त्याने बोटाने सरळ केला आणि दार लावून घेतलं.