गुरुवारपर्यंतचा होकार

मशीन काही केल्या त्याचा अंगठा घेईना. फॉर्मवालीनं तो तीनदा पुसला, चौथ्यांदा स्वतःच धरून काचेवर दाबला, तरी दिवा लालच.

"अंगठा आहे की दगड?"

"पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. तार गुंडाळून रेषा झिजल्यात," तो म्हणाला. "पण घाई नाही... धरून ठेवा."

तिचे कान तापले. बाहेर पाऊस होता, दुकानात तिसरं कुणी नव्हतं. अखेर हिरवा दिवा लागला, तेव्हा दोघांनाही फारसा आनंद झाला नाही.

मग तो येतच राहिला. गावात फॉर्म भरायचं दुकान एकच, हे खरं. पण इतके दाखले कुणाला लागतात? कधी प्रिंट, कधी फोटो, कधी नुसतंच "तुमचा पंखा आवाज करतोय का बघायला आलो." पंखा बिचारा गप्प असायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

शहरातल्या कारखान्याची जाहिरात तिनंच त्याला दाखवली. दोन वर्षं प्रशिक्षण, राहायची सोय, पुढे पक्की नोकरी. तो कचरत होता, तिनं भरीस पाडलं. "गणितात एवढे मार्क घेऊन जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरीतले पंपच काढणार आहेस?"

फॉर्मवर नंबर तिनं आपलाच टाकला. वस्तीवर रेंज नसायची, म्हणून सगळ्याच पोरापोरींच्या फॉर्मवर तिचा नंबर असे. निरोप आला की ती घरी जाऊन सांगे. आजवर एकही चुकला नव्हता.

सोमवारी त्याच्यासाठी कारखान्याचा निरोप आला. निवड झाली आहे, गुरुवारपर्यंत होकार कळवा.

ती खरंच हरखली. पण दुपारी तो दारात येऊन म्हणाला, "आज पंखा नाही, तुलाच बघायला आलो," आणि तिच्या ओठांवर आलेलं तिथंच राहिलं. उद्या सांगू, तिनं ठरवलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी तिनं मोबाईल पालथा घातला आणि दिवसभर त्याला हात लावला नाही.

पंधरा दिवसांनी त्यानं विचारलं, "काही आलं का गं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"असू दे. आईला सांगितलंय मी, माझ्यातच काहीतरी कमी असेल."

हे मात्र तिला सोसवलं नाही. तिनं मोबाईल त्याच्यापुढे सरकवला. त्यानं निरोप वाचला, तारीख वाचली, पुन्हा निरोप वाचला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी निवडला गेलो होतो," तो हळूच म्हणाला.

"तू गेलास तर... मला तू फार आवडतोस रे. म्हणून..."

"मग हेही सोमवारीच सांगायचंस." त्यानं मोबाईल परत सरकवला. "मी गेलोच असतो, खोटं कशाला बोलू? पण प्रत्येक सुट्टीला पहिल्या गाडीनं इथंच आलो असतो. घरी नंतर."

"पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतील. मी..."

"भरेन मी. दुसरीकडे जाऊन भरेन."

तो पायरी उतरला. थांब म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण ज्याला एकदा असं थांबवलं, त्याला आता कुठल्या तोंडानं थांबवणार?